वाटे करून उरलेलं

ऐका, माझ्या नातीची गंमत सांगते. ती पुण्याला गणित शिकून राहिली. औंदा पंचमीला बी कुरुंद्याला आली न्हाई. परवा फोनवर म्हणाली, "आजी, एक आकडा हाय! तेवीस कोटी सत्तावीस लाख ब्याण्णव हजार पाचशे एकसष्ट. याचे दोनापासून विसापर्यंत कितीबी सारखे वाटे कर, दर खेपेला एकच उरते."

म्या म्हणलं, "वीस वाटे करून बी?"

"व्हय!"

"मग ते उरलेलं तुझं, बाई. आपल्यात उरलेलं बाहेरगावच्या लेकराचं असते. न्यायला कधी येतीस?"

इतका वेळ बडबडणारी पोरगी हळूच म्हणाली, "परीक्षा हाय गं, आजी."

म्या म्हणलं, "असू दे. झाकून ठेवते."