बर्तोल्दी साहेबाची इटली आणि माझं नाक

...नाही, पण मी म्हणतो, थुंकायचंच होतं तर चढायचं कशाला? हसू नका! तुम्ही हसता, आणि इकडे दुबईच्या सगळ्या देरा भागात खैरुद्दीन दारुडा ठरला. मी! दाभोळचा खैरुद्दीन! खोकल्याचं औषध घेतानासुद्धा आधी आत काय आहे ते विचारणारा माणूस!

तुम्हाला सांगतो, सगळं त्या बर्तोल्दी साहेबामुळे. आमच्या कंपनीचा इटालियन इंजिनियर. सदुसष्ट साली साईटवर पडला, उजवा हात प्लास्टरात, आणि सुट्टी तर मंजूर झालेली. म्हणतो, "खैरुद्दीन, तुम गाडी चलाएगा, हम इटली दिखाएगा." वाळूत लँडरोव्हर हाकणारा मी, म्हटलं चला, अल्ला दाखवतोय तर बघू इटली!

आणि काय दाखवली? डोंगर! रोज एक डोंगर, त्याच्या टाळक्यावर एक गाव. गाडी वेशीपर्यंतच. पुढे गल्ल्या इतक्या अरुंद की दोन बकऱ्या समोरासमोर आल्या तर एकीनं मागे जायचं. मग पायऱ्या... पायऱ्या... अजून पायऱ्या! साहेबाची बॅग माझ्या डोक्यावर, आणि साहेब पुढून ओरडतोय, "यल्ला, खैरुद्दीन, यल्ला!" चल म्हणे, चल! वर पोचलो की एक चर्च, एक कारंजं, बाकावर चार म्हातारे, आणि एक तळघर. तळघरात काय? दारू! साहेब ग्लास घेतो, गोल फिरवतो, घोट तोंडात, गुळगुळ गुळगुळ... मला वाटलं आता गिळेल. तर पच्चकन बादलीत! सगळेच थुंकतायत! सूट-टाय घातलेली माणसं! मी विचारलं, "साहेब, खराब है?" "नहीं, बहोत अच्छा!" अहो, अच्छा है तर थुंकता कशाला? आणि थुंकायचंच होतं तर चढायचं कशाला? खाली काय बादल्या नव्हत्या?

तिसऱ्या गावात तळघराची मालकीण, ही अशी धिप्पाड बाई, तिनं ग्लास माझ्यापुढे धरला. म्हटलं, "नो मॅडम, हराम." बाई दुखावली. साहेब मध्ये पडला, "पीओ मत, खाली सूंघो, उसका दिल रखो." आता नुसता वास घेणं चालतं की नाही, हे त्या डोंगरावर विचारू कुणाला? घेतला. म्हटलं, "साहेब, इसमें भीगा हुआ गोणपाट का बास आता है." आमच्या घरची होडी होती हो, भिजलं गोणपाट मला शिकवणार कोण? बाई भडकली, स्वतः हुंगली... आणि बूच हातात घेऊन बघितलं! बूचच कुजलेलं! एकेक बाटली उघडली, सात बाटल्या तशाच निघाल्या. बाईनं माझे दोन्ही गाल धरून मुके घेतले, नवऱ्यासमोर! तौबा, तौबा!

खलास! पुढच्या प्रत्येक गावात आमच्या आधी बातमी हजर. साहेब थुंकतोय, मी हुंगतोय. आणि ग्लास नाकाला लावलेला असताना साहेबानं डाव्या हातानं काढला फोटो. नाकाला हो! पण फोटोत नाक आणि तोंड यांत अंतर ते किती?

दुबईला परतल्यावर तो फोटो साहेबानं ऑफिसात आपल्या टेबलाच्या काचेखाली लावला. त्याच आठवड्यात शौकतचाचा आले. त्यांच्या मुलाशी माझ्या बहिणीची, सुरैय्याची, सोयरीक चाललेली. अब्बा नाहीत, घरात मोठा मीच. भाऊ कसा आहे ते बघायला आले... आणि बघितला फोटो! मी भडाभडा सगळं सांगितलं, डोंगर, बादली, गोणपाट. चाचा शांतपणे म्हणतात, "म्हणजे बेटा, ती माणसं डोंगर चढून दारू थुंकायला जातात, आणि तू फक्त वास घेतलास?" घ्या! खरं बोललं की असं ऐकू येतं! मी तरी काय सांगू, थुंकायचंच होतं तर चढायचं कशाला ते?

म्हटलं, चाचा, साहेबालाच विचारा. साहेब खूश! माझ्या पाठीवर थाप मारून आपल्या हिंदीत म्हणाला, "खैरुद्दीन? फर्स्ट क्लास आदमी! पूरा इटली में एक बोतल नहीं छोड़ा!"

चाचा उठले. टोपी सारखी केली, गेले.

तीन दिवस पत्र लिहायला घेतलं नि फाडलं. माझ्या नाकापायी पोरीचं लग्न मोडलं म्हणून अम्मीला कुठल्या तोंडानं कळवू? चौथ्या दिवशी निरोप आला, "मुलीचा काय गुन्हा? निकाह होईल. अट एकच. मुलीच्या भावानं शरबताच्या टेबलाजवळ फिरकायचं नाही." भांडलो असतो हो! पण बहिणीचं घर वसत होतं. म्हटलं, कबूल.

निकाहला दोनशे माणसं गुलाबाचं शरबत प्याली. मी कोपऱ्यात साधं पाणी घेऊन बसलो... तर येणारा-जाणारा त्यातसुद्धा डोकावून बघून जात होता!