पेडलवरचा ठोकळा

शहागडहून वडीगोद्रीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं लोखंड होतं. टॉवेल जरा सरकला, तसं शेजारच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याला राहवलं नाही.

"काय घेऊन चाललीस, माय?"

"क्लचचं पेडल हाय, बाबा. मोसंबीच्या बागेतल्या आमच्या छोट्या ट्रॅक्टरचं."

"दुकानातलं न्हाई वाटत."

"ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. वेल्डरकडून बनवून घेतलं."

"अन् वरून हा ठोकळा कशाला?"

"पाय पोचावा म्हणून. जुन्याला बी होता. वेल्डरनं आधी तो सोडूनच बनवलं. म्हणला, कंपनीच्या पेडलला असलं काही नसतंय."

"बराबर हाय की त्याचं."

"काय बराबर? मी तशीच परत गेल्ते. तर म्हणतो, चालवणाऱ्याला घेऊन या, माप घेतो."

"मालक ठेंगणे हायेत का?"

"न्हाई हो! दारातून वाकून यावं लागतं त्यांना."

"मंग माप कुणाचं दिलं?"

"चप्पल काढली अन् पाय ठेवला त्याच्या टेबलावर."

"तुझा?"

"ट्रॅक्टर मीच चालवते की."

"अन् मालकाला चालवायची हौस आली तर?"

"बसून बघितलं त्यांनी. गुडघा स्टेअरिंगला थडकतो."

"मंग त्यांनी करावं काय?"

"मोसंबी तोडावी, बाबा. हात पोचतेत त्यांचे शेंड्यापर्यंत."