करकदेचा पहिला घोट

...आणि वर म्हणतात, करकदेत काय आहे, अंबाडीची वाळकी लाल बोंडं पाण्यात टाकायची नि गाळायची! अहो, मग टाका की तुम्ही. तुम्हाला सांगतो, साठ वर्षं इथे नाईलकाठी आस्वानात काढली, करकदेच्या सरबताशिवाय एक सोयरीक पाहिली नाही, पण केलं कधी? माझी बायको सकीना करायची. ती गेली या थंडीत, नि प्रमाण सोबत घेऊन गेली. बाईनं चपला कुठे काढायच्या ते मला रोज सांगितलं, साखर किती ते एकदाही नाही.

आणि इथे माझ्या शादियाचं लग्न ठरायचं. पोरगी चौतिशीची, आधीची दोन स्थळं फिसकटलेली. मुलाचे आजोबा हाज खैरी येणार, सोयरिकीचा फातिहा वाचणार, मग आमची रीत... मुलीच्या घरचं सरबत मुलाकडच्या थोरल्यानं प्यायलं तर सोयरीक पक्की, पेला खाली ठेवला तर मोडली. म्हणजे माझ्या पोरीचं लग्न त्या पातेल्यात.

सकाळीच बहीण दहिबा हजर. "दादा, उकळू नकोस हं. गार पाण्यात भिजव. गरम करकदेनं रक्तदाब चढतो, नि हाजसाहेबांचा आधीच दोनशेला टेकलाय." बरं, भिजवलं. तोवर शेजारची उम्म बशीर आली, "गार? अहो, गारानं दाब उतरतो. त्यांची म्हातारी गेल्या ईदला गार पिऊन तिथंच आडवी झाली, विसरलात?" आता नवऱ्याचा चढतो, बायकोचा उतरतो, मी सरबत करू की दवाखाना काढू? केली दोन पातेली, एक भिजवलेलं, एक उकळलेलं. सकीना असती तर तिनं एका नजरेत दोघींना घरी पाठवलं असतं. पण सकीना नाही ना.

दुपारी चाळीस पाहुणे दारात, नि उकळलेलं पातेलं तोवर गार होऊन बसलेलं! रंग तोच, वास तोच. कुठलं कुठलं? घोट घोट घेऊन पाहिला, एकाची चव जरा सकीनाच्या हातासारखी लागली, तेच ओतलं. पोरीची सोयरीक करतोय की म्हाताऱ्याचा जनाजा, अल्लाला ठाऊक.

हाज खैरींनी पेला नाकाशी धरला. "भिजवलेलं ना?"

"हो हो," म्हटलं. काय करणार?

पेला तसाच हातात. खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात आलं, ठेव म्हाताऱ्या, ठेव खाली, राहू दे माझी पोर माझ्या घरात. बाप असून आलं हो. लाज वाटली, पण आलं. सकीनाला सांगितलं असतं, ती चिडली असती नि मग जवळ बसली असती. पण सकीना नाही ना.

म्हाताऱ्यानं पेला उलटा करेपर्यंत प्यायलं. वर म्हणतो, "घरात बाई नाही असं कोण म्हणेल?" दाराआड शादिया हसली. थंडीत आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली. आणि त्याला काही झालं नाही, अजून ठणठणीत आहे.

ईदनंतर लग्न, मग ती सासरी, कोम ओम्बोला. काल दहिबा विचारत होती, "दादा, एकटा खाणार काय रे?" म्हटलं, खाण्याचं बघू. करकदे आता झकास जमतं, चाळीस माणसांचं... ते एका पेल्यापुरतं कसं करायचं, तेवढं कुणाला ठाऊक असेल तर सांगा.