उलट चढणारी गाडी

आदरणीय अध्यक्षमहोदय, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी उभी हयात काढली ते आपले माजी व्यवस्थापकसाहेब. व्यासपीठावर बसलेल्या, वरच्या रुग्णालयाच्या मेट्रनबाई. लाँड्रीचे नवे व्यवस्थापक. इस्त्री विभागातल्या माझ्या मैत्रिणींनो, धुलाईच्या यंत्रांवरच्या बंधूंनो, आणि लेकरंबाळं घेऊन आलेल्या सगळ्या मंडळींनो,

आपण हार घातलात, भेट दिलीत, चार गोड शब्द बोललात. मी भरून पावले. पण साहेबांनी माझ्याबद्दल बोलताना माझ्यापेक्षा बाईसाहेबांचीच आठवण जास्त काढली. नव्या मुलींना प्रश्न पडला असेल, ह्या बाईसाहेब कोण? तर बाईसाहेब म्हणजे आपली जुनी गाडी. कशाचीही घाई नसलेली, म्हणून हे नाव.

साहेबांनी आत्ता तो किस्साही सांगितला. नवी कोरी गाडी दारात आणून उभी केली आणि ड्रायव्हर म्हणाला, ‘साहेब, मला जुनीच द्या, नवीची भीती वाटते.’ सभागृह खदखदून हसलं. तो ड्रायव्हर म्हणजे आमचे हे. ते गेले तेव्हाच्या शोकसभेतही हाच किस्सा निघाला होता, आणि डोळे पुसता पुसता लोक हसले होते. तेव्हा मी गप्प बसले. आज मात्र बोलणार आहे, कारण उद्यापासून मी इथे नसेन. मग कोणाला सांगू?

आधी गाडीचं सांगते. सपाटीवर बाईसाहेब बऱ्या चालायच्या, म्हणजे सायकलवाला मागे राहायचा, निदान म्हातारा सायकलवाला तरी. पण रुग्णालय टेकडीवर. मागे धुतलेल्या चादरींची, अभ्र्यांची गाठोडी खच्चून भरलेली. पहिल्याच चढाला इंजिन असं कण्हायचं की वाटावं, आता हिलाच वर भरती करावं लागतंय. पहिला गिअर टाकला तरी गाडी जागची हलेना. शेवटी आपल्या जुन्या मिस्त्रींनी तोडगा काढला. म्हणाले, हिच्यात सगळ्यात जास्त ताकद रिव्हर्स गिअरला आहे, तेव्हा चढ उलट चढा.

आणि खरोखर, इतकी वर्षं आम्ही तो चढ रिव्हर्समध्ये चढलो! मागचं दार सताड उघडं टाकायचं, मी गाठोड्यावर बसायचं आणि ओरडायचं, ‘डावं घ्या... सरळ... अहो उजवं, उजवं! कठड्याला लावताय का?’ ह्यांचं तोंड खाली गावाकडे, माझं वर रुग्णालयाकडे. एकदा काठी टेकत चालणारे एक आजोबा आम्हाला ओलांडून पुढे गेले. वळून म्हणाले, ‘पोरी, उशीर होत असेल तर ये माझ्याबरोबर.’ ह्यांना लोक रिव्हर्सशेठ म्हणायला लागले. तेही हसायचे. आरशापेक्षा बायकोचा आवाज बरा, आरसा कधी चिडत नाही म्हणून लक्ष लागत नाही, असं वर म्हणायचे.

मग आमची भिंगरी आजारी पडली. आमची एकुलती एक लेक. घटकाभर एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. तिला वरच्या रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात ठेवलं. संसर्गाचा वॉर्ड तो. घरच्यांना भेट आठवड्यातून एकदा, तीही काचेपलीकडून. काचेला एक गोल जाळी होती, तिच्यातून बोलायचं. बाकीचे दिवस आम्ही त्याच इमारतीच्या मागच्या दारी चादरी उतरवायचो, आणि आमची पोर पुढच्या बाजूला. भिंतीला भिंत, पण जायची सोय नाही.

पण त्या वॉर्डाची खिडकी रस्त्याकडे होती. पुलापासून वरपर्यंतचा सगळा चढ तिथून दिसायचा. मेट्रनबाई तेव्हा त्या वॉर्डात सिस्टर होत्या, त्या साक्षीला आहेत. खाली बाईसाहेब दिसल्या की वॉर्डात आरोळी उठायची. गाडी कुठल्या वळणावर बंद पडणार, ह्यावर पोरांच्या पैजा लागायच्या. आणि भिंगरी ऐटीत सांगायची, ‘मागे बसलीये ना, ती माझी आई.’

मी उघड्या दारात बसलेली, समोर ती खिडकी. हे पाठमोरे, त्यांना काहीच दिसायचं नाही. मग माझं सुरू व्हायचं, ‘डावं घ्या... आली बघा खिडकीत... सरळ... हात हलवतेय...’

‘हसतेय का?’

‘हसतेय. अहो, उजवं घ्या!’

तुम्हाला सांगते, गाडी इतकी सावकाश चालते ह्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

आणि नेमकी तेव्हाच नवी गाडी आली. साहेबांनी किती खटपट करून ती मिळवली होती, मला माहीत आहे. दमदार इंजिन, सरळ चढणारी. मागून ओरडायला आता बाई कशाला? म्हणून मला घड्या घालायच्या टेबलावर पाठवलं. त्यात चूक काहीच नव्हती. हे एकटे जायला लागले. पहिल्या दिवशी परत आले ते चेहरा उजळून. ‘अगं, समोर दिसली! माझ्या डोळ्यांनी बघितली मी तिला!’ मला त्यांचा हेवा वाटला, खरंच वाटला.

आठवड्याच्या भेटीला गेलो. भिंगरी जाळीला तोंड लावून म्हणाली, ‘बाबा, नवी गाडी छान आहे. पण मी पलंगावरून खिडकीशी येईपर्यंत तुम्ही मागच्या दाराकडे गेलेले असता.’ तिला आता चार पावलं टाकायलाही वेळ लागत होता. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, ‘आई, तू का येत नाहीस गं?’

दुसऱ्या दिवशी ह्यांनी नव्या गाडीची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. पुढचा किस्सा तुम्ही मघाशी ऐकलातच.

मी घरी म्हटलं, ‘अहो, खरं का नाही सांगितलंत? साहेब काही नाही म्हणणारे नाहीत.’ ते म्हणाले, ‘नाही म्हणणार नाहीत, ठाऊक आहे. पण मग सगळे आपल्याकडे कीव करून बघतील. तेच डोळ्यांत घेऊन आपण चढ चढणार, आणि ती वरून बघणार. त्यापेक्षा मला भित्रा म्हणू देत. हसतात तर हसू देत.’ आणि मला शपथ घातली.

मंडळी, ज्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी लेक दिसत होती, त्याने आपण होऊन तिच्याकडे पाठ केली. का, तर तिला आम्ही जरा जास्त वेळ दिसावं. ह्याला भीती म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

साहेब, मान खाली घालू नका. तुम्ही रागावलात, तरी जुनी गाडी परत दिलीत. त्याबद्दल आज हात जोडते.

पुढचं थोडक्यात सांगते, नाहीतर मला सांगता यायचं नाही. एका सकाळी खिडकीत ती नव्हती. ह्यांनी पहिल्या वळणावर विचारलं, ‘आली का?’ दुसऱ्या वळणावर विचारलं. तिसऱ्यावर विचारलं नाही. मागच्या दाराशी ह्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी काही बोलण्याआधीच मी गाठोड्यावरून खाली उतरले.

कामावर परत आल्यावर साहेबांनी ह्यांना बोलावून घेतलं. फार मायेने म्हणाले, ‘आता तरी नवी घ्या.’ मीही तेच म्हणत होते. बसायचं कोणासाठी त्या उघड्या दारात? हे म्हणाले, ‘एक फेरी जुन्या गाडीतून करू. मग बघू.’

निघालो. मी रस्त्यावरची नजर वर उचलली नाही. डावं, सरळ, उजवं, एवढंच बोलत होते. शेवटच्या वळणावर हे म्हणाले, ‘वर बघ की गं.’

बघितलं. खिडकीत कोणाचा तरी लहान मुलगा होता.

‘कोण आहे?’

‘कोणाचं तरी पोर आहे. हात हलवतंय.’

‘मग हलव ना तूही.’

माझा हात उचलेना. मला त्या पोराचा राग आला होता, ते तिथे उभं होतं म्हणून. हे पाठमोरेच म्हणाले, ‘अगं, त्याला काय माहीत आपलं? पलंगावरून उठून आलंय ते.’

मी हात हलवला. वर पोचलो, गाठोडी उतरवली, आणि मग हे स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडले. मी त्यांना तसं रडताना ना आधी पाहिलं होतं, ना नंतर पाहिलं. संध्याकाळी साहेबांकडे जाऊन म्हणाले, ‘साहेब, नव्या गाडीची भीती अजून गेली नाही.’ आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी ती जाऊ दिली नाही.

तर एवढंच सांगायचं होतं. आपण सगळ्यांनी मला सांभाळलंत, माझा ओरडायचा आवाज इस्त्री विभागातही चालवून घेतलात, ह्याबद्दल मनापासून आभार. मोठ्यांसमोर बोलायची सवय नाही, ह्या मानाच्या जागेवरून अधिकउणा शब्द गेला असेल तर लेकीसारखी समजून पोटात घाला. तो किस्सा पुढेही कोणीतरी सांगेल, तुम्हाला हसूही येईल. हसा खुशाल, त्यांनाही ते चालायचं. फक्त आता ठाऊक असून हसा.