गाडीतून पडलेला माणूस

सून : हळू बोला काका, बाबांचा आत्ताच डोळा लागलाय. आणि ती पिशवी इकडे द्या, मघापासून कवटाळून बसलात.

ड्रायव्हर : राहू दे गं पोरी. माझा अर्ज आहे त्यात, अर्जाच्या नकला, नकलांच्या नकला. आणि हळू बोलणं जमलं असतं तर लष्करात मला भोंगा कशाला म्हटलं असतं?

सून : हो, बाबा सांगायचे. रुग्णवाहिकेचा भोंगा बिघडला की तुम्ही खिडकीतून डोकं काढून ओरडायचात.

ड्रायव्हर : बिघडला की म्हणे! चालू होता कधी? मी गाडी हाकायचो आणि शेजारी हा तुझा सासरा, आमचा कंपाउंडर. याला आम्ही आयोडीन म्हणायचो. पोट दुखलं तरी आयोडीनच लावायला निघायचा.

सून : फोनवर तुम्ही सांगत होतात तेव्हा मी वर्गात होते, पोरांच्या गोंगाटात अर्धं कळलंच नाही. तुम्हाला बाबांकडून नेमकं काय हवंय?

ड्रायव्हर : दोन वाक्यं. माझ्या नोंदीत लिहिलंय, ‘गाडीतून पडून खांद्याला इजा’. पडलो नव्हतो मी, पुलावर गोळी लागली होती. आमच्या साहेबांनी शौर्यपदकासाठी माझं नाव वर पाठवलं, ते तसंच परत आलं. गाडीतून पडणाऱ्याला कसलं शौर्य? जखमींना मिळतं ते पदकसुद्धा गेलं.

सून : पण असं खोटं लिहिलं तरी कोणी?

ड्रायव्हर : तुझ्या सासऱ्यानं. माझ्याच सांगण्यावरून. गोळी लागली असं लिहिलं की माणसाला लांबच्या इस्पितळात धाडायचे. पडला म्हटलं की पट्टी बांधून तिथंच ठेवायचे. दुसरा ड्रायव्हर उरला नव्हता आणि पुलापलीकडे आमची पोरं पडली होती. मी याच्या हातापाया पडलो. म्हटलं, पडला असं लिही आणि कोणाला सांगशील तर माझी शपथ आहे.

सून : आणि तशाच खांद्यानं गाडी चालवलीत?

ड्रायव्हर : डावा हात लुळा पडलेला. मी क्लच दाबून ओरडायचो, ‘दोन!’ की हा गिअर टाकायचा. दोघांत मिळून एक ड्रायव्हर! गिअर असा करकरायचा की मागचे जखमी कण्हायचं सोडून आम्हाला शिव्या घालायचे.

सून : मग इतकी वर्षं गप्प का बसलात?

ड्रायव्हर : वाटायचं, पदकाचं काय घेऊन बसायचं. आमचे चिरंजीव लग्नाकार्यात सगळ्यांना सांगायचे, ‘आमचे बाबा लढाईत गेले आणि गाडीतून पडून आले.’ सगळे हसायचे, मीही हसायचो. तुझी काकू तेवढी हसायची नाही. खांद्याला शेक तीच द्यायची ना, तिला ती गोळीची खूण कळत होती. शेवटच्या दुखण्यात तिनं मला बोलतं केलं. हा अर्जही तिच्याच हातचा. ती गेल्यावर मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘बाबा, तसा कागद असेल तर दाखवा.’

सून : असं म्हणाला?

ड्रायव्हर : रागानं नाही गं. लहान मुलाची समजूत काढावी तसा म्हणाला. म्हणून जास्त लागलं.

सून : गेल्या खेपेला आलात तेव्हा बाबांनी तुम्हाला लगेच ओळखलं होतं. तेव्हाच विचारायचं होतंत.

ड्रायव्हर : तेव्हा लाज वाटली. मित्राच्या घरी पोटभर जेवायचं आणि वर पदक मागायचं? म्हटलं, पुढच्या खेपेला बघू.

सून : उठले बघा. बाबा, कोण आलंय ओळखा पाहू! काका, मी फोनवर रेकॉर्ड करते. ज्यानं नोंद केली त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की झालं, असंच आहे ना तुमच्या अर्जाला आलेल्या पत्रात?

ड्रायव्हर : असंच आहे. काय रे आयोडीन, जिवंत आहेस ना?

कंपाउंडर : नमस्कार. बसा ना साहेब. सूनबाई, साहेबांना पाणी दिलंस का?

ड्रायव्हर : अरे साहेब काय म्हणतोस? मी भोंगा!

कंपाउंडर : भोंगा आमच्या गाडीवर असतो. आत्ता खेपेवर गेला असेल. आपण कुठल्या कार्यालयातून आलात?

सून : बाबा, हेच ते. तुमचे मित्र. नीट बघा तरी.

कंपाउंडर : सूनबाई, हे वयस्कर गृहस्थ आहेत. भोंग्याला अजून मिसरूडही धड फुटलेली नाही.

ड्रायव्हर : थांब, आता ओळखशील. बाजूऽऽला! जखमी आहेत, बाजूऽऽला!

सून : अहो काका, शेजारी दारं उघडतील!

कंपाउंडर : नक्कल बरी करता. पण त्याचा आवाज फार मोठा, साहेब. तुमचा पार बसलाय.

ड्रायव्हर : बसलाय खरा.

कंपाउंडर : थोडी हळद घेत चला.

ड्रायव्हर : बरं, मी परकाच सही. त्या भोंग्याविषयीच विचारायला आलोय. त्याच्या खांद्याला काय झालं होतं?

कंपाउंडर : गाडीतून पडला.

ड्रायव्हर : अरे, खरं सांग. तो स्वतः म्हणतोय, सांग म्हणून. सोडवली शपथ!

कंपाउंडर : नोंद माझ्या अक्षरात आहे. गाडीतून पडून इजा. त्यापलीकडे मला काही ठाऊक नाही.

सून : बाबा, तुम्ही खरं सांगितलंत तर त्यांना पदक मिळणार आहे.

कंपाउंडर : असंच गोड बोलून काढून घेतात, पोरी. मी एकाला शब्द दिलाय. माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

ड्रायव्हर : तिलाही नाही?

कंपाउंडर : शब्द म्हणजे शब्द, साहेब.

सून : काका, डोळे पुसा. सोडून देऊ या का आजच्यापुरतं?

ड्रायव्हर : आजच्यापुरतं म्हणजे? पुढच्या खेपेला मी तरी असेन का? एकदाच बघतो. आयोडीन, पूल आला. क्लच दाबलाय मी. दोन!

(कंपाउंडर हातातली काठी खटकन मागे ओढतो.)

सून : अगं बाई! काका, बघितलंत?

ड्रायव्हर : बघितलं. तीन!

कंपाउंडर : हळू... हळू घे रे, मागे पोरं आहेत. पट्टी सुटेल तुझी. किती रक्त... साहेब! हे तुम्हाला कोणी सांगितलं? हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

ड्रायव्हर : अरे मीच तो...

कंपाउंडर : त्याला धरलंत तुम्ही! त्याच्या तोंडून काढून घेतलंत! साहेब, त्याला मागे पाठवू नका. तो गेला तर पलीकडून पोरांना कोण आणणार? त्यानं काही केलं नाही. गोळी लागली होती, मी पडला म्हणून लिहिलं, सगळं मी केलं. मला शिक्षा द्या. माझ्यावर घ्या सगळं!

सून : बाबा, अहो बाबा, शांत व्हा. कोणी शिक्षा देत नाही. काका... काका, आलं सगळं. शब्द न् शब्द फोनमध्ये आलाय.

ड्रायव्हर : पूस ते.

सून : काय?

ड्रायव्हर : पूस म्हटलं ना. थरथर कापतोय बघ तो. मी माझ्या मित्राला घाबरवून त्याचा शब्द मोडायला लावला गं. एवढा एक शब्द त्याच्याकडे उरला होता. बाकी सगळं विसरला, बायको गेलेली विसरला, मला विसरला, आणि मला दिलेला शब्द तेवढा सांभाळून बसलाय. आणि मीच तो हिसकायला आलो.

सून : पण काकूंनी लिहिलेला अर्ज? आणि तुमचा मुलगा?

ड्रायव्हर : तुझ्या काकूला पटलं होतं, कागदाशिवाय पटलं होतं. मुलाला काय, लग्नात सांगायला गोष्ट राहील. पूस, पोरी. मला दाखव पुसलंस ते.

सून : पुसलं. हे बघा. पुसलं काका.

कंपाउंडर : साहेब, तुमचं काय ठरलं? त्याला मागे पाठवणार?

ड्रायव्हर : नाही. इथंच राहील तो. गाडीवरच.

कंपाउंडर : मी मघाशी काहीबाही बोललो. ते लिहून घेऊ नका.

ड्रायव्हर : काही लिहिलं नाही. पिशवीसुद्धा उघडली नाही, बघा.

कंपाउंडर : तो भेटला तर एवढंच सांगा, आयोडीननं तोंड उघडलं नाही. नाहीतर रागावेल. फार मोठ्यानं रागावतो.

ड्रायव्हर : सांगतो. नाही रागावणार.

कंपाउंडर : आणि नोंद तशीच ठेवा, साहेब. गाडीतून पडला.

ड्रायव्हर : हो साहेब. गाडीतूनच पडला होता तो.