पितळी पाटी मीच काढली

अनंतकृष्ण, वडिलांचं नाव नरसिंगराव, वय ५४, व्यवसाय संस्कृत शिक्षक, राहणार कृष्णमूर्तिपुरम, मैसूर.

समक्ष सांगतो की, चाकाच्या खुर्चीवरील पितळी पाटी मी चोरली, अशी तक्रार खुर्चीचे दाते श्रीनिवासराव यांनी केली आहे. पाटी मी काढली. चोरली नाही. सोबतच्या पिशवीत आहे, चार किलो भरते, उचलून पाहावी.

ती खुर्ची त्यांनी दि. ७ ऑगस्ट २०११ रोजी समाजाच्या सभागृहात माझी थोरली बहीण वेदवती, वय ६१, हिला दिली. दुकानातल्या कारागिराने मोठी चाकं एक भोक मागे घेतली होती, ब्रेक घट्ट केले होते आणि खुर्ची मागे उलटू नये म्हणून पाठीमागे दोन छोटी चाकं लावली होती. "ही काढू नका," असं तो दोनदा म्हणाला. कन्नडात म्हणाला, सर्वांना समजलं.

पाटीवरचा संस्कृत श्लोक मी रचला. शार्दूलविक्रीडित, चार लांब ओळी, आत दात्यांचे सात पूर्वज. खुर्चीच्या पाठीमागे लावलेली पाटी पार खाली लोंबली आणि छोट्या चाकांच्या दांड्यांना अडू लागली. श्रीनिवासराव म्हणाले, "पंडित, पूर्वज कापता येतात काय? चाकं काढा. फोटोपुरतीच." काढली. मी तेव्हा तिसऱ्या ओळीतली यती, म्हणजे विरामाची जागा, तपासत होतो.

फोटो झाले. चाकं कुणी परत लावली नाहीत. दुपारी १ वाजून १० मिनिटांनी वेदवती स्वतः चाकं फिरवत जेवणघराच्या चढावर निघाली आणि खुर्ची मागे उलटली. मी दहा पावलांवर श्लोकाची स्तुती ऐकून घेत होतो. पाटीला पोचा आला, तो तक्रारीत नमूद आहे. वेदवतीच्या डोक्याला पाच टाके पडले, ते नमूद नाहीत.

नऊ दिवस ती खुर्चीत बसली नाही. पलंगावरून एवढंच म्हणाली, "अनंता, छोट्याशा अनुष्टुभात भागलं नसतं का रे?"

दहाव्या दिवशी मी पाटी उतरवली आणि कारागिराकडून छोटी चाकं बसवून घेतली. त्याच संध्याकाळी ती एकटी कोपऱ्यावरून भाजी घेऊन आली.

श्रीनिवासराव म्हणतात, पाटी नाही तर खुर्ची परत करा. हवालदार तुकोजीराव म्हणतात, निकाल लागेपर्यंत मुद्देमाल म्हणून जमा करा. खुर्ची ठाण्याच्या पायऱ्यांपाशी खालीच आहे, कारण ठाण्यात खुर्ची न्यायला चढ नाही. वेदवती तीत बसली आहे, ब्रेक लावले आहेत. जमा करायची तर आपल्यासकट करावी आणि दोन वेळचं जेवण ठाण्याने द्यावं, असं तिचं म्हणणं आहे.

हा जबाब तुकोजीरावांनी मला वाचून दाखवला, मग पायरीवर उभं राहून तिलाही. माझं म्हणणं बरोबर उतरलं आहे. तिचं म्हणणं ती बदलणार नाही.