पाठीमागचं तळं

महान चित्रापुढे माणसानं तासभर तरी उभं राहावं, असं माझं ठाम मत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पॅरिसात संग्रहालय फुकट असतं आणि आत हीटर चालू असतो, तेव्हा तर नक्कीच. मी तळ्याच्या चित्रापुढे उभा होतो. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं.

"आँसेल्म, याच दालनात होती ना तुझी नोकरी?"

"एकतीस वर्षं. चित्रांकडे पाठ करून. पहारेकऱ्यानं लोकांचे हात बघायचे, जिनेट, चित्रं नाही."

"घरी निघताना तरी वळून बघायचंस!"

"म्हटलं, निवृत्त झाल्यावर निवांत बघू. चित्रं कुठं पळून जातायत?"

"चित्रं नाही पळाली. डोळे पळाले."

"डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळ्यापर्यंत टिकतील."

"तो उन्हाळा गेला रे. आता दिसतंय का काही?"

"धुकं... नुसतं धुकं. थांब, दिसलं! निळं! केवढं गडद निळं! तळंच ना, जिनेट?"

"तो या साहेबांचा कोट आहे."

मी ओशाळून बाजूला सरकू लागलो.

"मोस्यू," म्हातारा म्हणाला, "जरा वेळ हलू नका."